‘मुघल-ए-आझम’: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

आमच्या गिरगावातल्या वाचनालयात महिन्यातून एकदा जुना सिनेमा दाखवतो. प्रोजेक्टर उसना, खुर्च्या आमच्याच, चहा शेजारच्या टपरीवरचा. ‘मुघल-ए-आझम’ आतापर्यंत चारदा लावला आणि चारही वेळा मागे उभं राहून बघणारे होते. प्रत्येक खेपेनंतर आठवडाभर फोनवर प्रश्न येत राहतात, बहुतेक तेच ते. दर वेळी नव्याने टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी प्रश्न ६ आणि १६ तूर्त सोडून द्यावेत. नंतरची तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

१. मी पाहिलेला नाही. गोष्ट काय आहे, थोडक्यात सांगाल का?

बादशहा अकबराला मूल होत नाही. रणरणत्या वाळूतून अनवाणी चालत तो सलीम चिश्तींच्या दारी जातो आणि मुलगा मागतो. मुलगा होतो. ही बातमी आणणाऱ्या दासीला तो बोटातली अंगठी काढून देतो आणि शब्द देतो, की आयुष्यात एकदा माझ्याकडे काहीही माग, मिळेल. मुलगा सलीम लाडाने बिघडतो, म्हणून बाप त्याला लढाईवर धाडतो. चौदा वर्षांनी तो परततो आणि नादिरा नावाच्या दासीच्या प्रेमात पडतो. ‘अनारकली’ हे नाव तिला खुद्द अकबरानेच दिलेलं असतं. दासी हिंदुस्थानची मलिका होणार हे अकबराला मंजूर नाही, सलीम मागे हटत नाही, आणि गोष्ट बापलेकांच्या युद्धापर्यंत जाते. पुढचं प्रश्न ६ मध्ये.

दिग्दर्शक के. आसिफ. अकबर पृथ्वीराज कपूर, सलीम दिलीपकुमार, अनारकली मधुबाला, जोधाबाई दुर्गा खोटे. संगीत नौशाद, गीतं शकील बदायुनी. ५ ऑगस्ट १९६० ला झळकला.

२. प्रेम सलीम-अनारकलीचं, मग नाव अकबराचं का?

आलेल्या प्रश्नांतला हा माझा सगळ्यात आवडता. ‘मुघल-ए-आझम’ म्हणजे महान मुघल, म्हणजेच अकबर. अनारकलीच्या नावाने आधीही सिनेमे आले होते (प्रश्न ९). आसिफने नाव बदललं आणि त्याबरोबर गोष्टीचा काटाही सरकवला. प्रेमिक काय करणार हे आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं: ते प्रेम करणार. बाप काय करणार, हे मात्र शेवटच्या रिळापर्यंत टांगणीला लागलेलं असतं. ज्या माणसाने नवस करून मुलगा मिळवला, त्याच माणसाला त्या मुलाला तोफेच्या तोंडी द्यावं लागतं.

माझं मत विचाराल तर हा सिनेमा इतकी वर्षं टिकला तो या घरामुळे. मुलाने मनासारखं लग्न ठरवलं, वडिलांनी बोलणं टाकलं, आणि आई दोघांच्या ताटांत आळीपाळीने वाढते आहे, हे चित्र मुंबईतल्या कुठल्या चाळीने पाहिलेलं नाही? इथे ताट सोन्याचं आहे, एवढाच फरक. युद्धावर निघालेल्या नवऱ्याच्या हाती तलवार देताना जोधाबाईला ठाऊक असतं की समोर आपलाच मुलगा उभा आहे. आमच्याकडे त्या प्रसंगाला हॉलमध्ये जी शांतता पसरते, ती प्रेमगीतांनाही मिळत नाही. आपल्या रंगभूमीवरही याच्यानंतर दोनच वर्षांनी रायगडावरच्या बापलेकाचं नाटक आलं आणि ते लोकांनी डोक्यावर घेतलं. राजाचं घर म्हटलं की आपण आधी घर बघतो आणि मग राजा.

३. तीन तास सतरा मिनिटं! मुलं बसतील का?

मूळ लांबी १९७ मिनिटं, हे खरं. पहिला अर्धा तास संथ आहे, तेही खरं. आमचा अनुभव असा की दहा-बारा वर्षांची मुलं लढाई आणि शीशमहाल आवडीने बघतात आणि दरबारी संवादांना चुळबुळ करतात. मध्यंतर नीट द्या, खायला काहीतरी ठेवा. आणि ‘बघ, आमच्या वेळी कसे सिनेमे होते’ हे वाक्य सिनेमा संपेपर्यंत बोलू नका. त्याने जितकी मुलं पळतात तितकी लांबीने पळत नाहीत.

४. उर्दू येत नाही. अडेल का?

तुम्हाला वाटतं त्याहून कमी. मराठीत फारसीतून आलेले शब्द खच्चून आहेत: तख्त, फर्मान, दरबार, गुन्हा, कैद, फौज, जनाना, मर्जी, इनाम. शिवकालीन कागद ज्यांनी थोडेफार वाचले आहेत, त्यांना तर संवाद घरचे वाटतील. चार शब्द आधी माहीत असलेले बरे. ज़िल्ले-इलाही म्हणजे ईश्वराची सावली, बादशहाला मारायची हाक. साहिबे-आलम म्हणजे राजपुत्र. कनीज़ म्हणजे दासी. संगतराश म्हणजे शिल्पकार.

एक गंमत. ‘मुजरा’ म्हटलं की हिंदी सिनेमावाल्यांना नाच आठवतो आणि आपल्याला महाराजांपुढे लवून केलेला मानाचा मुजरा. या सिनेमात दोन्ही अर्थ एकाच दरबारात भेटतात: अनारकली नाचते आणि नाचता नाचता मुजरा करायचं नाकारते (प्रश्न ११).

संवाद एकट्या माणसाने लिहिलेले नाहीत. अमान, कमाल अमरोही, वजाहत मिर्झा, एहसान रिझवी आणि स्वतः आसिफ, इतके हात त्यात आहेत. तरीही अकबराचं वाक्य अकबराचंच वाटतं आणि सलीमचं सलीमचंच. बापाची वाक्यं शिलालेखासारखी, मुलाची हळू आणि धारदार.

५. काळा-पांढरा बघावा की रंगीत?

आधी घोळ सोडवू, कारण ‘मूळ सिनेमा रंगीत होता का’ असंही अनेकजण विचारतात. मूळ १९६० चा सिनेमा बराचसा कृष्णधवल आहे. काम चालू असतानाच रंगीत फिल्म इकडे रुळू लागली, तेव्हा आसिफने ‘प्यार किया तो डरना क्या’ हे गाणं आणि शेवटाकडचा काही भाग रंगीत चित्रित केला. त्याला मग सगळाच सिनेमा रंगीत करून हवा होता, पण वाट पाहून थकलेल्या वितरकांनी हात जोडले. पुढे १२ नोव्हेंबर २००४ ला, दिवाळीत, संगणकावर पूर्ण रंगवलेली प्रत आली. ती १७७ मिनिटांची आहे, म्हणजे मूळ प्रतीपेक्षा वीस मिनिटं कमी. तिच्या ध्वनीवर नव्याने काम झालं आणि त्यात नौशाद यांनी स्वतः लक्ष घातलं.

पहिल्यांदा बघत असाल तर कृष्णधवलच बघा. दोन तास उजेड-सावलीत काढल्यावर एकदम शीशमहालात रंग फुटतात, तेव्हा हॉलमधून ‘आहा’ उमटतो. सगळं आधीपासून रंगीत असेल तर तो क्षणच उरत नाही. रंगीत प्रत वाईट आहे असं नाही. माझ्या आईला ती जास्त आवडते आणि या विषयावर मी घरी वाद घालत नाही.

६. अनारकली शेवटी मरते का? आमच्यात पैज लागली आहे.

नाही. भिंतीत चिणली जाते हे सगळ्यांना आठवतं, त्यापुढचं बरेचजण विसरतात. युद्धात सलीम हरतो. अनारकलीला हवाली कर नाहीतर मृत्यू, अशी त्याला शिक्षा होते. तो कबूल होत नाही, तेव्हा ती स्वतःच हजर होते आणि मरण्याआधी एका रात्रीपुरती मलिका होण्याची इच्छा सांगते. अट ही, की सकाळी सलीम आडवा येऊ नये म्हणून तिनेच त्याला फुलाच्या वासातून गुंगी द्यायची. इकडे भिंत उभी राहते आणि तिकडे तिची आई अकबरापुढे अंगठी धरते. पहिल्याच प्रसंगात बातमी आणणारी दासी ती हीच. दिलेला शब्द आणि दिलेला हुकूम यांत अकबर अडकतो, आणि मायलेकींना भुयारातून राज्याबाहेर पाठवतो. अट एकच: सलीमला हे कधी कळता कामा नये.

म्हणजे प्रेक्षकाला माहीत, बापाला माहीत, आणि मुलगा जन्मभर बापाला खुनी समजणार. मरणापेक्षा हा शेवट कडू आहे. पैज कोण जिंकलं ते कळवा.

७. हे खरंच घडलं होतं का?

या रूपात नाही. अकबराच्या दरबाराचा इतिहास लिहिणाऱ्या अबुल फजलच्या ‘अकबरनामा’त अनारकली नाही. खुद्द सलीमने, म्हणजे जहांगीरने, लिहिलेल्या आत्मचरित्रातही ती नाही. तिच्या गोष्टीचा माग सापडतो तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लाहोरला आलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याच्या टिपणांत. लाहोरमध्ये अनारकलीची म्हणून ओळखली जाणारी कबर आजही आहे. पण तिथे नक्की कोण आहे, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. आजची गोष्ट घडली ती १९२२ मध्ये इम्तियाझ अली ताज यांनी लिहिलेल्या नाटकातून, आणि सिनेमेवाल्यांनी तीच पुढे नेली.

सलीमचं बंड मात्र खरं. १६०० च्या सुमाराला त्याने अलाहाबादला आपला वेगळा दरबार थाटला. १६०२ मध्ये त्याच्याच इशाऱ्यावरून वीरसिंह बुंदेल्याने अबुल फजलला ठार मारलं. भांडण गादीचं होतं. बापलेक रणांगणात समोरासमोर भिडले नाहीत, आणि अकबर १६०५ मध्ये गेला तेव्हा गादी सलीमलाच मिळाली.

मग सिनेमा खोटा ठरतो का? मला तसं वाटत नाही. सुरुवातीलाच हिंदुस्थानचा नकाशा उभा राहून स्वतः बोलू लागतो. देश आपल्याला आजीसारखी गोष्ट सांगतो आहे, हे तिथेच कबूल झालं. गोष्ट म्हणून ऐका, परीक्षेला वापरू नका.

८. जोधाबाई तरी खरी ना?

बाई खरी, नावाचा घोटाळा. सलीमची आई आमेरच्या कछवाह घराण्यातली राजकन्या. दरबारात तिला मरियम-उझ-झमानी हा किताब होता. ‘जोधबाई’ हे नाव जोडलं जातं ते जहांगीरच्या जोधपूरच्या राणीशी, म्हणजे सासूचं नाव म्हणून आपण सुनेचं नाव घेतो. लोकांच्या तोंडी ‘जोधा’ इतकं बसलं आहे की आता कुणी दुरुस्त करायला गेलं तर तोच खोटा ठरतो.

९. ‘ये जिंदगी उसी की है’ यात कुठे आहे? पूर्ण सिनेमा बघितला, सापडलं नाही.

सापडणारच नाही. ते गाणं १९५३ च्या ‘अनारकली’तलं: बीना राय, प्रदीपकुमार, आणि संगीत आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांचं. तोही सिनेमा जोरात चालला होता. दोन्हींत अनारकलीला लताबाईंचाच आवाज, त्यामुळे आठवणीत सरमिसळ होते. मूकपटाच्या काळातही, १९२८ मध्ये, सुलोचनाची (रुबी मायर्सची) अनारकली येऊन गेली होती. थोडक्यात, आसिफने गोष्ट घेतली तेव्हा ती चांगलीच वापरलेली होती.

१०. बनवायला इतकी वर्षं का लागली?

आसिफने सुरुवात केली ती चाळिशीच्या दशकात. निर्माते शिराझ अली हकीम, अकबर चंद्रमोहन, सलीम सप्रू, अनारकली नर्गिस. मग फाळणी झाली आणि हकीम पाकिस्तानात गेले. १९४९ मध्ये चंद्रमोहन वारले. काम थांबलं. पन्नाशीच्या दशकात बांधकाम व्यवसायातल्या शापूरजी पालनजींनी पैसा घातला आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं, नव्या नटांसह.

त्यानंतरही घाई कुणाला नव्हती. शिंपी दिल्लीचे, भरतकाम सुरत-खंभातचं, दागिने हैदराबादच्या सोनारांचे, जोडे आग्र्याचे, शस्त्रं राजस्थानी लोहारांची. लढाईसाठी २००० उंट, ४०० घोडे आणि ८००० सैनिक, त्यातले बरेच लष्कराकडून मागून आणलेले. एवढ्यावर भागलं नाही म्हणून प्रसंग तीन भाषांसाठी तीनदा चित्रित केले: उर्दू, तमिळ आणि इंग्रजी. तमिळ रूप १९६१ मध्ये आलं आणि पडलं, तेव्हा इंग्रजीचा नाद सोडला. खर्चाचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात, बहुतेक एक ते दीड कोटीच्या घरातले. त्या काळी दहा लाखांत अख्खा सिनेमा होत असे.

आसिफने आयुष्यात दिग्दर्शक म्हणून पुरे केलेले सिनेमे दोनच. पहिला १९४५ चा ‘फूल’, दुसरा हा. तिसरा अर्धवट टाकून तो १९७१ मध्ये गेला.

११. शीशमहालाचं एवढं कौतुक कशाला? काचाच तर आहेत.

काचाच आहेत, आणि तीच अडचण होती. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत १५० फूट लांब, ८० फूट रुंद, ३५ फूट उंच असा हा सेट उभारायला दोन वर्षं गेली आणि दहा लाखांहून जास्त पैसा. बेल्जियमच्या रंगीत काचा छतापासून खालपर्यंत. त्यांवर दिवे सोडले की झगझगाटात काही दिसेना. छायालेखक आर. डी. माथूर यांनी थेट उजेड टाकायचं सोडलं, कापडाच्या पट्ट्यांवरून तो परतवून घेतला, आणि मग कॅमेऱ्याला चित्र मिळालं. उत्कृष्ट छायालेखनाचं फिल्मफेअर त्यांना मिळालं, ते उगाच नव्हे.

पण कौतुक खर्चाचं नाहीच. अनारकलीला सलीमच्या मनातून उतरवण्यासाठी अकबराने तिला दरबारात नाचायला लावलेलं असतं. ती नाचते आणि त्याच्या तोंडावर सांगते, प्रेम केलंय, चोरी नाही केली. अकबर संतापून मान वर करतो, तर छतातल्या प्रत्येक काचेत तीच गिरक्या घेते आहे. जिकडे बघावं तिकडे ती. बादशहाच्या स्वतःच्या महालाने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली! सेट गोष्टीत इतका कामाला लावलेला मी तरी दुसरा पाहिला नाही. आता सेटवर पैसा याच्या कितीतरी पट ओततात आणि तो मागे नुसता उभा असतो.

१२. दिलीपकुमारला एकही गाणं का नाही?

बरोबर पकडलंत. सलीम सिनेमाभर गात नाही. रफींचं ‘ऐ मोहब्बत झिंदाबाद’, ज्याला शंभर जणांचा कोरस आहे, ते अनारकलीला पुतळा म्हणून उभी करणाऱ्या शिल्पकाराच्या तोंडी आहे. गाणं स्त्रियांकडे, तक्रार शिल्पकाराकडे, आणि सलीमकडे फक्त ऐकणं. ‘तेरी महफिल में’ या कव्वालीत अनारकली आणि तिच्यावर जळणारी दरबारातली बहार (आवाज लताबाई आणि शमशाद बेगम यांचे) झुंजतात, तेव्हा सलीम निवाडा करतो: बहारला फूल, अनारकलीला काटे. ती काटेच आनंदाने घेते, कारण ते कोमेजत नाहीत.

शास्त्रीय संगीतवाल्यांचा ठरलेला प्रश्न बडे गुलाम अली खाँसाहेबांचा. होय, ते गायले आहेत, तानसेनासाठी. ‘प्रेम जोगन बन के’ सोहनीत आणि ‘शुभ दिन आयो’ रागेश्रीत. गायचं नव्हतं म्हणून त्यांनी एका गाण्याचे २५,००० मागितले आणि आसिफने ते दिले, असं सगळीकडे सांगितलं जातं. त्या वेळी नामांकित पार्श्वगायकांना गाण्यामागे काही शे रुपये मिळत. ‘बेकस पे करम कीजिए’ केदारात आहे. तळघरात साखळदंडात बसलेल्या मधुबालेवरचं ते गाणं माझी आई तिन्हीसांजेला दिवा लावताना गुणगुणते. शब्द पैगंबरांना उद्देशून आहेत, हे तिला पक्कं माहीत आहे.

१३. दिलीपकुमार आणि मधुबाला बोलतही नव्हते म्हणे. मग ते पिसाचं दृश्य कसं जमलं?

ते खरं आहे. दिलीपकुमारनी आत्मचरित्रात स्वतःच लिहिलंय की त्या दृश्याच्या वेळी दोघांत साधा नमस्कारही उरला नव्हता. बिनसण्यामागे ‘नया दौर’वरून झालेला कोर्टाचा मामलाही होता. त्या खटल्यात दिलीपकुमारनी मधुबालेविरुद्ध, निर्मात्याच्या बाजूने साक्ष दिली.

दृश्यात आहे काय? रात्र, मागे तानसेनाचं गाणं, आणि सलीम एक पांढरं पीस अनारकलीच्या चेहऱ्यावरून हळूच फिरवतो. संवाद जवळजवळ नाहीच. कॅमेरा चेहरे सोडत नाही. त्यांच्यातलं वैर माहीत असून पाहिलं तर अंगावर काटा येतो, नसलं माहीत तरी येतो. नटांचं काम म्हणजे काय, हे कुणाला समजवायचं असलं की मी एवढंच दृश्य दाखवतो.

मधुबालेच्या हृदयात जन्मतःच छिद्र होतं. त्या अवस्थेत तिने खरे, जड साखळदंड अंगावर वागवले. प्रदर्शनाच्या वेळी ती २७ वर्षांची होती, आणि ३६ व्या वर्षी गेली.

१४. यात मराठी माणसांचं काय?

आधी दुर्गाबाई. मुंबईच्या लाड घराण्यात जन्मलेल्या दुर्गा खोटे १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’त तारामती झाल्या, तेव्हा घरंदाज बाईने सिनेमात जाणं म्हणजे बोभाटा होता. इथे त्या पृथ्वीराज कपूरांच्या गर्जनेसमोर उभ्या आहेत, आवाज न चढवता. मग लताबाई, ज्यांच्याशिवाय या अनारकलीला कंठच नाही. आणि मुकुट कोल्हापूरच्या कारागिरांचे. अकबर डोक्यावर जे मिरवतो ते आपल्याकडचं काम आहे, हे सांगितल्यावर आमच्या हॉलमधल्या एका कोल्हापूरकर आजोबांनी त्या दिवशीचा चहा सगळ्यांना पाजला.

१५. पहिला खेळ मराठा मंदिरलाच झाला होता ना? आज तिथे बघता येईल?

हो, मुंबई सेंट्रलच्या एसटी आगारासमोरच्या मराठा मंदिरात. महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम तीन महिने झाले होते आणि थिएटर दोन वर्षांपूर्वीचं, नवंकोरं. बाहेर पृथ्वीराज कपूरांचा चाळीस फुटी कटआउट, आणि सिनेमाची रिळं सजवलेल्या हत्तीवरून आणलेली. निमंत्रणं ‘अकबरनामा’च्या धर्तीवर उर्दूत लिहिलेली, गुंडाळी करून. तिकिटं तर चित्रं आणि मजकूर असलेली, १०० रुपयांची, जेव्हा साधं तिकीट दीड रुपयाला मिळत होतं. रांगेत लोक दिवसच्या दिवस बसले आणि घरून त्यांना डबे आले. तिथे तो तीन वर्षं चालला. देशभरच्या कमाईचा त्याचा विक्रम मोडायला १९७५ चा ‘शोले’ यावा लागला. या सगळ्यात दिलीपकुमार नव्हते. आसिफने त्यांच्या बहिणीशी लग्न केल्यावरून दोघांचं फाटलं होतं. २००४ च्या रंगीत प्रतीच्या खेळाला, चर्चगेटच्या इरॉसमध्ये, ते आले.

आज मराठा मंदिर म्हटलं की लोकांना १९९५ पासून तिथे चाललेला दुसराच प्रेमपट आठवतो. एका थिएटरला एवढं प्रेम लाभावं हेही नशीबच. ‘मुघल-ए-आझम’ मोठ्या पडद्यावर हवा असेल तर जुन्या सिनेमांच्या महोत्सवांवर नजर ठेवा. ओटीटीवर हक्क इकडून तिकडे जात असतात, म्हणून आमच्या सांगण्यावर न जाता नाव टाकून शोधा. २०१६ मध्ये एनसीपीएला याचं भव्य संगीतनाट्य आलं, फिरोज अब्बास खान यांचं. त्यात नट प्रत्यक्ष गातात.

१६. माझ्या मुलीला अनारकली फार सोशिक वाटली. ती म्हणते, हिचं ऐकतं कोण?

मुलीचं अगदीच चुकत नाही. अनारकलीला पुतळा करून उभी करतात, तिचं नाव बदलतात, तिच्यावरून युद्ध करतात आणि शेवटी तिला हद्दपार करतात. तिचं स्वतःचं मत कुणी विचारत नाही. पण प्रश्न ११ मधला नाच आणि प्रश्न १२ मधली कव्वाली मुलीला पुन्हा दाखवा. साऱ्या सिनेमात अकबराला भर दरबारात तोंडावर उत्तर देणारी पहिली व्यक्ती तीच आहे. सलीमचं बंड त्यानंतरचं, आणि त्याच्या पाठीशी फौज आहे. हिच्या पाठीशी कुणी नाही.

तरी आवडली नाही तर नाही. आमच्या कट्ट्यावर बहारच खरी बुद्धिमान, असं म्हणणाऱ्या तीन बायका आहेत, आणि त्यांची बाजू दिवसेंदिवस भक्कम होत चालली आहे.

१७. आमच्या सोसायटीच्या गणपतीत पडद्यावर लावायचा आहे. ‘साठ वर्षं झाली, आता फुकट आहे’ असं एक काका म्हणतात. खरं का?

काकांचं अर्धंच बरोबर. भारतीय कायद्यात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे १९६० च्या चित्रपटाची मुदत २०२० अखेर संपते. पण गीत-संगीताचा हिशेब वेगळा: रचनाकाराच्या मृत्यूच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षं. शकील बदायुनी १९७० मध्ये गेले, नौशाद २००६ मध्ये, आणि यांच्या गाण्यांशिवाय सिनेमा दाखवणार कसा? शिवाय तुमच्याकडची प्रत रंगीत असेल तर ती २००४ ची आहे. ओटीटीचं घरगुती खातं आवारातल्या जाहीर खेळासाठी नसतं, हे आणखी वेगळं. तेव्हा हक्कधारकांना आधी पत्र टाका आणि लेखी होकार घ्या. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून श्रावणातच सुरुवात करा.

वेळेचंही बघा. सवलतीचे मोजके दिवस सोडले तर रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद. मूळ प्रत लावणार असाल तर आरती लवकर उरकून सहाला सुरू करा. मध्यंतराची वीस मिनिटं धरून साडेनऊच्या पुढे जाल. सातला सुरू केलंत तर अनारकली भिंतीतच राहील.